जपानी कारखाने बघून लीन शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, कोल्हापूर, इचलकरंजी या भागांतल्या छोट्या-मध्यम कारखानदारांना आणि त्यांच्या सुपरवायझरांना घेऊन मी जपानला जात असतो. निघण्याआधीच्या बैठकीत आणि परतीच्या विमानात लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाची इथं लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत.

लीन म्हणजे नेमकं काय? जपानमध्ये हाच शब्द चालतो का?

लीन म्हणजे कामातलं फुकट जाणारं काढत राहायची पद्धत. हा शब्द मुळात अमेरिकेतला. जॉन क्राफचिक नावाच्या इंजिनिअरनं तो १९८८ मध्ये एका लेखात वापरला आणि मग जगभर रूढ झाला. टोयोटातले लोक ‘टोयोटा उत्पादन पद्धती’ म्हणतात आणि बाकी वेळ नुसतं ‘कायझेन’, म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा, म्हणून काम भागवतात.

तीन शब्द मात्र पाठ करून जा: मुदा, मुरा, मुरी. मुदा म्हणजे फुकट जाणारी गोष्ट, मग तो वेळ असो, हालचाल असो, माल असो. मुरा म्हणजे कामातला चढउतार. मुरी म्हणजे माणसावर किंवा मशीनवर पडणारा नको इतका ताण. आपल्याकडे सगळे मुदाच्याच मागे लागतात, मुदा हाच काय तो मुद्दा असल्यासारखे. खरं दुखणं बहुतेक वेळा मुरात असतं. महिन्याचे पहिले पंधरा दिवस निवांत जातात, शेवटच्या पाच दिवसांत रात्रपाळ्या, ओव्हरटाइम आणि ‘डिस्पॅच, डिस्पॅच’ असा ओरडा. त्या पाच दिवसांत माणसं आणि मशिनं पिळून निघतात, ती झाली मुरी. त्यातून रिजेक्शन आणि रीवर्क वाढतं, तो झाला मुदा. ढिगाऱ्याला मुदा म्हणायचं आणि तो ढीग साचवणाऱ्या वेळापत्रकाला हात लावायचा नाही, हा आपला जुना खेळ आहे.

हे सगळं यूट्यूबवर दिसतं. मग तिकीट कशाला काढायचं?

व्हिडिओत मशीन दिसतं. तिथं जाऊन बघायचा असतो तो साहेब.

टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते, काही ठिकाणी तिच्या जागी बटण असतं. काही खटकलं की कामगार ती ओढतो. वरच्या आंदोन फलकावर, म्हणजे कुठं अडलंय ते दाखवणाऱ्या दिव्यांच्या पाटीवर, त्या जागेचा आकडा पिवळा होतो आणि एक छोटी धून वाजते. लाइन लगेच थांबत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पुढं सरकते. तेवढ्या काही सेकंदांत टीम लीडर येऊन पोचतो. अडचण सुटली तर तो पुन्हा दोरी ओढतो आणि लाइन चालूच राहते. नाही सुटली तर खुणेपाशी आल्यावर ती थांबते.

मी पहिल्यांदा गॅलरीतून हे पाहिलं तेव्हा माझं लक्ष दोरीवर होतं. शेजारी उभे असलेले एक जुने जाणकार म्हणाले, “दोरी सोडा, त्या लीडरची मान बघा.” लीडर आला तो वाकून थेट पार्टकडे बघायला लागला. कामगाराच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. काहीतरी दाबलं, दोरी ओढली, कामगाराला किंचित मान लववली आणि गेला. आपल्याकडे लाइन थांबली की साहेबाचा पहिला प्रश्न असतो, “कुणी केलं?” तिथल्या माणसाच्या डोळ्यांत आधी “काय झालं?” होतं. विमानाचं तिकीट या एवढ्यासाठी काढायचं. नेतृत्व वगैरे मोठे शब्द भाषणाला ठीक आहेत. प्रत्यक्षात ते ओढलेली दोरी आणि आलेला माणूस यांच्यातल्या सेकंदांत दिसतं.

जपानी लोकांच्या रक्तातच ही शिस्त आहे ना? आपल्याला कसं जमणार?

रक्तात काही नाही. तेही बाहेर जाऊन, बघूनच शिकले. १९५० साली टोयोटा जवळजवळ बुडाली होती. कामगारकपात झाली, संप झाला, संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी एइजी टोयोडा आणि शोइची साइतो अमेरिकेत फोर्डचा रिव्हर रूज कारखाना बघायला गेले. तिथली अवाढव्य मशिनं आणि मालाचे डोंगर त्यांनी उचलले नाहीत, उचलायला पैसेही नव्हते. कामगारांकडून सूचना मागवायची फोर्डची पद्धत मात्र त्यांना आवडली आणि १९५१ मध्ये टोयोटात ती सुरू झाली. आजही चालू आहे.

१९५० मध्येच अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी जपानी इंजिनिअरांसमोर गुणवत्तेवर व्याख्यानं दिली. पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू झाला. क्वालिटी सर्कलची, म्हणजे गुणवत्तेवर काम करणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांची, नोंदणी १९६२ पासूनची. म्हणजे ज्याला आपण जपानी संस्कृती म्हणून हात जोडतो, त्यातलं बरंचसं आपल्या आजोबांच्या उमेदीच्या काळात, ठरवून आणि चुकत-माकत उभं राहिलंय.

सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर ऐकून लोक नाराज होतात: संग्रहालयापासून. नागोया स्टेशनहून मेइतेत्सु रेल्वेनं एकच स्टेशन पुढं गेलं की साको लागतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर जुन्या लाल विटांच्या इमारतीत टोयोटाचं उद्योग आणि तंत्रज्ञान संग्रहालय आहे. किइचिरोंचे वडील साकिची टोयोडांनी १९११ मध्ये जिथं मागांचा प्रायोगिक कारखाना काढला, त्याच जागेवर ते १९९४ मध्ये उघडलं. गाड्यांचा विभाग मोठा आहे, पण आपण आधी कापडाच्या विभागात जायचं.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. त्यांच्याकडे चार माग असत. त्यांचं काम काय, तर खटखटाटात उभं राहून नजर फिरवत राहायचं: ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला का, धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपली का. धागा तुटलेला दिसला नाही तर माग विणतच जायचा आणि कापडात रेघ पडायची. मग तागा तपासताना मजुरी कापली जायची. कापलेले पैसे आणि कान बधिर करणारा आवाज, लहानपणीचं एवढंच आठवतं.

त्या संग्रहालयात १९२४ चा टोयोडाचा जी-प्रकारचा स्वयंचलित माग चालू स्थितीत आहे. तिथल्या बाईंनी आमच्यासमोर ताण्याचा एक धागा तोडला. माग थांबला. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग अडतो. एवढंच. कांडी संपत आली की धोटाही चालत्या मागावर आपोआप बदलतो. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. वडिलांचं अख्खं आयुष्य त्या पट्टीचं काम करण्यात गेलं होतं.

चूक झाली की मशीननं स्वतःच थांबायचं, माणसानं मशीन राखत बसायचं नाही, याला ‘जिदोका’ म्हणतात. ऑटोमेशनसाठी जपानीत जो शब्द आहे त्यातल्या एका चित्राक्षराला टोयोटानं माणसाचं चिन्ह जोडलं आणि हा शब्द केला. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं एक लाख पौंडांना घेतले. गाडीच्या लाइनवरची ती दोरी या पट्टीची नात आहे. हे इथं डोळ्यांनी पाहिलं की पुढचा कारखाना निम्मा समजलेला असतो. जाता जाता, किर्लोस्कर आणि टोयोडा यांचं नातंही १९९० च्या दशकात आधी कापडाच्या यंत्रांवरूनच जुळलं, गाड्या नंतर आल्या.

टोयोटाचा कारखाना कुणालाही बघता येतो का?

येतो, पण मर्यादित. टोयोटा शहरातल्या टोयोटा काइकान या प्रदर्शन केंद्रातून कारखान्याच्या फेऱ्या निघतात आणि आधी नोंदणी करावी लागते. दिवस आणि नियम बदलत असतात, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. फेरी वरच्या गॅलरीतून असते. फोटो काढता येत नाहीत. लाइनवरच्या माणसाशी बोलता येत नाही.

म्हणून मी टोयोटाला एकच दिवस देतो. बाकीचे दिवस पन्नास-शंभर माणसांच्या पुरवठादार कारखान्यांसाठी ठेवतो. तिथं मालक स्वतः चहा देतो, स्वतः फिरवतो आणि काय फसलं तेही सांगतो. अशा ठिकाणी ओळखीशिवाय प्रवेश मिळत नाही. तुमचा जपानी ग्राहक, नाहीतर १९५९ पासून परदेशी तंत्रज्ञ आणि व्यवस्थापकांना जपानमध्ये प्रशिक्षण देणारी एओटीएस ही संस्था, असे मार्ग शोधावे लागतात.

फक्त गाड्यांचेच कारखाने का बघायचे? आमचा धंदा वेगळा आहे.

मग टोकियो स्टेशनवर शिनकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, फलाटावर उभे राहा. तिकीट लागेल, परवानगी नाही. गाडी फलाटावर साधारण बारा मिनिटं असते. उतरण्या-चढण्यात पाच जातात, सफाईला सात उरतात. साधारण शंभर आसनांच्या डब्याला बहुधा एकच कर्मचारी. वरचे कप्पे बघायचे, कचरा काढायचा, आसनं गाडीच्या दिशेनं फिरवायची, छोटी टेबलं पुसायची, फरशी झाडायची. शेवटी सगळे रांगेत उभे राहून वाकून नमस्कार करतात.

पण बघण्यासारखी गोष्ट ती सात मिनिटं नव्हेत. हे काम करणारी कंपनी, तेस्सेई, पूर्वी ‘घाणीचं काम’ म्हणूनच ओळखली जायची. २००५ मध्ये तेरुओ याबे रेल्वेतून तिथं आले. त्यांनी सफाईची नवी पद्धत वगैरे शोधली नाही. ते कर्मचाऱ्यांमध्ये जाऊन बसले, त्यांच्या मागण्या एकेक करून पुऱ्या केल्या आणि सहकाऱ्याचं चांगलं काम दिसलं की ते लिहून कळवायची प्रथा पाडली. त्या नोंदींना तिथं ‘एंजल रिपोर्ट’ म्हणतात. आपल्याकडे मेमो लिहायचं रजिस्टर असतं, असलं कुठं पाहिलंय?

तिथंच मोटरमन आणि गार्डकडेही बघा. सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात. वेडेपणा वाटतो. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये घेतलेल्या चाचणीत साध्या कामात दर शंभर क्रियांमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून बोलायला लावल्यावर त्या ०.३८ वर आल्या. खर्च शून्य. आमच्या गटातल्या एका इलेक्ट्रिशियननं परत आल्यावर मेन स्विच पाडण्याआधी हेच सुरू केलं. पहिला आठवडा सगळे हसले.

वेळ असेल तर नागानो प्रांतातल्या इना गावापर्यंत जा. इना शोकुहिन ही कंपनी चायना ग्रास बनवते, म्हणजे आपण खिरीत-जेलीत घालतो ते अगर. १९५८ मध्ये स्थापना, आणि त्यानंतर ४८ वर्षं सलग विक्री आणि नफा वाढत गेला. ती कंपनी वर्षानुवर्षं चालवलेल्या हिरोशी त्सुकाकोशींचं म्हणणं असं की कंपनीनं झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं वाढावं, दरवर्षी थोडं. एका वर्षी मागणी एकदम उसळली तर ते खूश होत नाहीत, धास्तावतात. कंपनीची बाग लोकांसाठी खुली आहे आणि सकाळी कर्मचारी स्वतः ती झाडतात. अगरबद्दल फार काही शिकायला मिळणार नाही, झाडू धरायच्या पद्धतीबद्दल मिळेल.

दौऱ्यावर कोण जावं? मालक की मॅनेजर?

एकटा मालक कधीच नको. मालक परत येऊन सांगतो आणि खालच्यांना ते कीर्तन वाटतं.

१९८० च्या दशकातलं न्यूमीचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक बदनाम कारखाना होता. गैरहजेरी, दारू, संप, सगळं होतं. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनं मिळून तो न्यूमी या नावानं पुन्हा सुरू केला, बहुतेक कामगार जुनेच घेऊन, युनियनही तीच. टोयोटानं काय केलं? शेकडो टीम लीडर आणि ग्रुप लीडरना टोयोटा शहरात नेऊन लाइनवर जपानी कामगारांच्या शेजारी उभं केलं. काम अडलं की शेजारचा माणूस मदतीला येतो, हे त्यांनी अंगावर अनुभवलं. पूर्वी वीस टक्क्यांपर्यंत जाणारी गैरहजेरी दोनेक टक्क्यांवर आली. दुसरीकडे जनरल मोटर्सचे व्यवस्थापक न्यूमी बघून बघून गेले, पण कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांत ते मुरायला वर्षानुवर्षं लागली.

तेव्हा माझा आग्रह असा: मालकाबरोबर एक लाइन सुपरवायझर आणि एक मेंटेनन्सवाला हवाच. पासपोर्ट नाही, इंग्रजी येत नाही, घरी लहान मूल आहे, अशा सबबी मालकच सांगतात. त्या माणसाला एकदा विचारून तर बघा.

निघण्यापूर्वी काय तयारी करायची?

जपानी भाषेचा क्लास नको. आपल्याच शॉपवर अर्धा तास उभं राहायचं.

टोयोटाचे ताइइची ओनो इंजिनिअरला शॉपवर नेत, जमिनीवर खडूनं गोल काढत आणि म्हणत, यात उभा राहा आणि बघ. काही तासांनी येऊन विचारत, काय दिसलं? मी प्रत्येकाला निघण्यापूर्वी हेच करायला लावतो, फक्त अर्ध्या तासाचं. फोन खिशात, हातात कागद-पेन्सिल, कुणाला सूचना द्यायची नाही. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो. पुढच्या दहात दिसायला लागतं. भोसरीतल्या एका मालकांनी स्वतःच्या व्हीएमसीसमोर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) उभं राहून लिहिलेला कागद मी ठेवलाय: “ऑपरेटर एअरगन शोधायला ४ वेळा गेला. एअरगन शेजारच्या मशीनवर. आपल्याकडे एकूण एअरगन किती? विचारणे.” चौदा वर्षं त्यांचं ते मशीन होतं.

त्या कागदावरची एक न सुटलेली अडचण घेऊन विमानात बसायचं. जो अडचण घेऊन जातो त्याला उत्तरं दिसतात. जो मोकळा जातो त्याला स्वच्छता दिसते.

तिथं कोणते प्रश्न विचारावेत?

“तुमची उत्पादकता किती टक्के वाढली?” हा प्रश्न नको. नम्र उत्तर मिळेल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा असं विचारा: काल लाइन किती वेळा थांबली? शेवटची कधी, आणि तेव्हा तुम्ही कुठं होतात? या फलकावरचा कागद कुणी लिहिला? इथला सर्वांत नवा माणूस कोण, आणि त्याला कोण शिकवतं? कुठली सुधारणा केली आणि मागं घ्यावी लागली?

शेवटच्या प्रश्नावर माणसं खुलतात. उत्तर दुभाष्याच्या तोंडून येईपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका. आणि ‘मुझुकाशी’ म्हणजे ‘जरा अवघड आहे’ असं कानावर आलं की तो नकार समजा. आपल्यातले काही जण “अवघड आहे ना, मग कसं करूया?” म्हणून पुढं सरसावतात आणि यजमान घामाघूम होतो.

वागण्याबोलण्याचे काही नियम?

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, वाचा, आणि लगेच मागच्या खिशात कोंबू नका. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा. बूट काढायला सांगितलं तर काढा. स्वच्छतागृहातल्या चपला वेगळ्या असतात, त्या घालून बाहेर येऊ नका (दर दौऱ्यात एक जण येतोच).

टोयोटाच्या आवारात नियम लक्षात राहावेत म्हणून ‘पोकेतेनाशी’ असा एक मजेदार शब्द असतो. पाच नियमांची आद्याक्षरं: खिशात हात घालून चालायचं नाही, चालताना मोबाइल बघायचा नाही, जिन्याचा कठडा धरायचा, रस्ता तिरका ओलांडायचा नाही, आणि ओलांडताना बोट दाखवून बोलायचं. मोठे साहेबही जिन्याचा कठडा धरून उतरतात. आमचे एक फाउंड्रीवाले पाटील हे बघून म्हणाले, “आमच्याकडे हेल्मेट फक्त पाहुणे घालत्यात.”

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण सावध राहा. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, भाजीत, नूडल्समध्ये माशाचा अर्क असतो आणि बिचाऱ्या वाढणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बरोबर असू द्या. नागोया-टोकियोत भारतीय हॉटेलं आहेत, इनात रात्री शोधत बसू नका.

कधी जावं? व्हिसाचं काय?

एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातलं ओबोन (पितरांचा सण) आणि नववर्षाचा आठवडा टाळा. टोयोटाचं स्वतःचं कॅलेंडर असतं. इतर सरकारी सुट्ट्यांना कारखाना चालू असू शकतो. भारतीयांना व्हिसा लागतो, आणि कंपन्यांच्या भेटी असतील तर यजमानाचं निमंत्रणपत्र आणि दिवसवार कार्यक्रम लागतो. दोन महिने आधी हालचाल सुरू करा.

सगळं गोडगोडच आहे का? वाईट काहीच नाही?

आहे, आणि ते न सांगता जो दौरा विकतो त्याच्यापासून जपा.

२००२ मध्ये टोयोटाच्या एका तीस वर्षांच्या कर्मचाऱ्याचा कामावर असतानाच मृत्यू झाला. महिन्याला शंभर तासांहून जास्त जादा काम होत होतं. नागोया जिल्हा न्यायालयानं २००७ मध्ये निकाल देताना क्वालिटी सर्कल आणि सूचना लिहिण्याचा वेळ हेही कामच आहे, असं मानलं. त्यानंतर टोयोटानं सर्कलच्या वेळेचे पूर्ण पैसे देण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे “कायझेन शिफ्ट संपल्यावर करा” म्हणणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा.

डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच समूहातल्या डायहात्सुनं गाड्यांच्या सुरक्षा चाचण्यांतल्या गैरप्रकारांमुळे सगळ्या गाड्यांची पाठवणी थांबवली. चौकशीतून आलेलं एक कारण ओळखीचं होतं: वेळापत्रकाचा जबर दाब, आणि अडचण वर सांगायची सोय नाही. म्हणजे दोरी होती, ओढायची हिंमत नव्हती.

लागेल तेवढाच माल जवळ ठेवायचा, या टोयोटाच्या पद्धतीतला कमी साठ्याचा धोकाही खराच. १ फेब्रुवारी १९९७ ला कारियातल्या आइसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथंच बनायचा आणि टोयोटाकडे साठा काही तासांचा. लाइन बंद पडल्या. पण मग दुसरे पुरवठादार आपापल्या मशीनवर ते व्हॉल्व्ह बनवायला लागले, त्यात शिलाई मशीनवाली ब्रदरही होती, आणि आठवड्याभरात बहुतेक लाइन चालू झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तर सर्व्हरच्या डिस्कवर जागा उरली नाही म्हणून जपानमधले टोयोटाचे चौदा कारखाने दिवसभर थांबले. वाचून आमच्या आयटीवाल्याला फार बरं वाटलं.

जपानचा खर्च परवडत नाही. दुसरा मार्ग?

आहे. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पुरस्कार मिळाला. ट्रॅक्टर कंपनीला तो मिळण्याची जगातली ती पहिली वेळ होती. बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा किर्लोस्करचा कारखाना आहे. पुणे परिसरातही बऱ्याच जपानी कंपन्या आहेत आणि त्यांचे व्हेंडर तुमच्याच एमआयडीसीत असतील. त्यांच्याकडे गेल्यावर नियम तेच: कागद-पेन्सिल, एक अडचण, आणि साहेबाच्या मानेकडे लक्ष. लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारची लीन योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात आहे आणि सल्लागाराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. पात्रता आधी तपासून घ्या.

परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

रंगाचे डबे मागवू नका. जमिनीवर पिवळे पट्टे मारणं म्हणजे लीन, अशी समजूत करून घेऊन येणारे निम्मे असतात. एक मशीन निवडा. त्या मशीनवर अडचण आली की ऑपरेटरनं हाक मारायची आणि सुपरवायझरनं ठरलेल्या वेळात पोचायचं, एवढंच महिनाभर करा. वेळ दोन मिनिटं ठेवा, पाच ठेवा, पण पाळा. सुपरवायझर पोचत नसेल तर तो कुठं असतो ते बघा. बहुतेक वेळा साहेबाच्या केबिनमध्ये रिपोर्ट भरत असतो. तुमचा पहिला मुदा सापडला.

आमच्याकडे कामगार सूचनाच देत नाहीत. पेटी लावून पाहिली.

मीही लावली होती. पहिल्या दौऱ्याहून आलो तेव्हा एका कारखान्यात नोकरीला होतो, नाव सांगत नाही. उत्साहात पत्र्याची पेटी करून घेतली, ‘आपली सूचना, आपली प्रगती’ असं रंगवून घेतलं आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. आठवड्यानं उघडली. एकच चिठ्ठी: “ग्राइंडिंगवरचा पंखा बंद आहे.” मी ती मेंटेनन्सकडे पाठवली. मेंटेनन्सनं खरेदीकडे पाठवली. खरेदीनं तीन कोटेशनं मागवली. तीन महिन्यांनी मी पुन्हा पेटी उघडली तर आत गुटख्याच्या पुड्या होत्या.

टोयोटाच्या पद्धतीत कुलूप नाही. सूचना लिहिणारा ती आपल्या थेट वरच्या माणसाला देतो. तो लवकर उत्तर देतो, हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का ते समोर बसून सांगतो. जमेल तिथं सूचना करणाराच, लीडरच्या मदतीनं, ती अमलात आणतो. बहुतेक सूचना अगदी किरकोळ असतात: पार्टची बिन वीस सेंटिमीटर जवळ, पाना फलकावर रंगवलेल्या त्याच्याच आकारावर. बक्षीसही किरकोळच असतं. भूक उत्तराची असते.

तो पंखा शेवटी दुरुस्त झाला का?

हा प्रश्न दर वेळी येतो. झाला. चौथ्या महिन्यात ग्राइंडिंगवाल्या त्या पोरानंच केला, जेवणाच्या सुट्टीत, स्टुलावर चढून. कंडेन्सर गेला होता. त्यानं तो स्वतःच्या पैशानं आणला होता, पस्तीस रुपयांना. मी पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, “राहू द्या साहेब, तुमची कोटेशनं यायचीत अजून.”